नादाचा नैवेद्य आधी ऐकावा

नैवेद्य देवाला दाखविण्यापूर्वी चाखावयाचा नसतो, हा आपल्या घरोघरचा दंडक. सारण गोड झाले की नाही, हे सुगरण हाताच्या अंदाजानेच जाणते. परंतु गणरायापुढे आपण आणखी एक नैवेद्य ठेवतो, तो नादाचा. आणि तो मात्र आधी आपणच ऐकून पाहावा, असे आग्रहाने सांगण्याची वेळ आली आहे.

पावसाळ्यात पुण्याला मुठेच्या काठी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. दिवसभर कचेरीत वा महाविद्यालयात असलेली मुले-मुली कमरेला ढोल बांधून उभी राहतात. यंदा अशाच एका सरावाला प्रस्तुत लेखक तळहातावर मावेल एवढे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गेला होता. पथकासमोर वीस पावलांवर तिपाई उभारून त्यावर यंत्र बसविले. आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय बंद केली. ती चालू असली, तर हलका हात आणि भरगच्च ठोका एकाच मापाने तोलले जातात. सर्वांत जोरकस आघातही यंत्राच्या मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खालीच राहील, अशी बेताची पातळी ठेवली. मर्यादा ओलांडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून सांधता येत नाही.

सराव आटोपल्यावर पथकातील चौघांनी ते मुद्रण ऐकले आणि चौघेही गप्प झाले. ज्या ताशाच्या मागून ढोलांनी चालावयाचे, तो ताशाच गडगडाटात बुडाला होता. मागच्या रांगांचा ठोका तर सरळसरळ उशिरा येत होता. यात वादकांचा दोष थोडा, रांगेच्या लांबीचा अधिक. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथक ३४ मीटर लांब पसरले, तर ताशाचा ठोका शेवटच्या ढोलापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि त्या ढोलाचे उत्तर पुढे येण्यास तेवढाच वेळ आणखी. द्रुत लयीत एवढे अंतर ठेका विसकटण्यास पुरेसे आहे. मग ढोलांची संख्या वाढविण्याच्या चढाओढीने वादन वाढते की नुसता आवाज, याचा विचार पथकांनी करावयास नको काय?

वाद्य गुरूच्या हाताखाली शिकावे, यंत्रापुढे नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. यंत्र गुरू नव्हे. तो केवळ आरसा आहे. वाजविणाऱ्याचा कान स्वतःच्या ढोलाने भरलेला असतो, म्हणून हा आरसा हवा. आणि तो सरावातच धरावा. मिरवणुकीत गर्दीचा कल्लोळ असतो; सरावात मात्र शिकविणारा मध्येच थांबवितो, तोंडाने बोल म्हणून दाखवितो, चुकलेल्याकडून तोच हात पुन्हा वाजवून घेतो. लोकमान्यांनी १८९३ साली या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेतला, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. मेळ्यांची पदे छापली गेली, वादनाचे हात मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीच जात राहिले. जुना ताशेवाला थकला की त्याच्याबरोबर त्याची समजावून सांगण्याची रीतही जाते. तारीख, ठिकाण आणि वादकांची नावे लिहून ठेवलेले तासाभराचे मुद्रण ही रीत पुढच्या पिढीसाठी राखून ठेवू शकेल.

त्या पथकाने दुसऱ्या दिवशी मागच्या दोन रांगा पुढे घेतल्या, ताशे मधोमध आणले आणि काही ढोल त्या दिवसापुरते खाली ठेवले. आवाज थोडा उतरला. पण ताशाची प्रत्येक काडी ऐकू येऊ लागली. विसर्जनाच्या मिरवणुकीपूर्वी प्रत्येक पथकाने अशी एक संध्याकाळ केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवावी. आपण जे ऐकू शकलो नाही, ते देवाला ऐकवायचे कोणत्या तोंडाने?