संगणकाच्या मास्तरला आधी दूध संस्थेत बसवा

आपल्या पंचक्रोशीतली बरीच पोरं-पोरी हल्ली संगणकाचे शिक्षक व्हायचं म्हणतात. कुणी बी.सी.ए. करतं, कुणी बी.एस्सी. करून बी.एड.ला जातं. चांगलंच आहे. पण ही मंडळी उद्या वर्गात उभी राहून शिकवणार काय, हे गावाने विचारायला हवं. मुलं आपली आहेत आणि सरकारी शाळेतली यंत्रंही आपल्याच कराच्या पैशातून आलेली आहेत.

२००१ साली एमएस-सीआयटी आला. नोकरीला प्रमाणपत्र लागतं म्हणून लोकांनी केला, तरी त्याने खेड्यातली माऊसची भीती मोडली, हे कबूल केलं पाहिजे. २००४ साली केंद्राची आयसीटी योजना आली, शाळांत संगणक आले. पुढे काय? पोरगं पडद्यावर झोपडी रंगवतं, स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात टाइप करतं, तेवढ्यात तास संपतो. ट्रॅक्टर चालवायला शिकवायचा, पण बॉनेट म्हणून उघडायचं नाही, असला हा प्रकार. मास्तरला तरी कसं बोलावं? त्याने स्वतःच कधी एखादा प्रोग्रॅम शेवटापर्यंत नेलेला नसतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढणारी पुस्तकातली दहा ओळींची उदाहरणं उतरवली की परीक्षा पास.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याला हा विषय शिकवायचा आहे, त्याने आधी गावातल्या एका माणसाच्या रोजच्या कामाला येईल असा एक डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहावा. डेस्कटॉप म्हणजे टेबलावरच्या संगणकातच बसलेला, इंटरनेट गेलं तरी चालणारा.

दूध संस्थेचंच घ्या. सभासद क्रमांक, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून दर, आणि दहा दिवसांनी बिल. ऐकायला सोपं वाटतं. लिहायला बसलं की घाम फुटतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याच्या खालीवर गेलं की दरपत्रक बघावं लागतं. सचिवाने ३.५ च्या जागी घाईत ३५ टाकलं तर? प्रोग्रॅमने तिथेच अडवलं पाहिजे. नोंद करताना लाईट गेली तर? अर्धी नोंद राहता कामा नये. एकाच नावाचे तीन पाटील असले तर? म्हणून हिशोब नावावर नाही, क्रमांकावर ठेवायचा. आधी पुसलेल्या नोंदीचा माग राहावा की नाही, यावर तर संस्थेतच भांडण लागेल, आणि ते लागलेलं बरं.

आता पैशाची गोष्ट, शेतकऱ्यांनी नीट ऐकावी. संगणक दशांश अपूर्णांक जसाच्या तसा धरत नाही. साध्या पद्धतीने लिहिलं तर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेपटीला बारीकसा आकडा लटकतो. एकाला तीन ने भागून दशांशात लिहायला गेलं की आपलंही असंच होतं, ३३३ संपतच नाही. म्हणून जाणता माणूस रुपयांऐवजी पूर्ण पैशांत मोजतो. ७.४ लिटर दूध ३४.५० दराने म्हणजे २५५ रुपये ३० पैसे, पण संगणकाने ते २५,५३० पैसे म्हणून ठेवायचे. आणि अर्धा पैसा उरला तर तो कुणाच्या पदरात, हे संस्थेने ठरवायचं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराने नव्हे. एवढं ज्याला कळलं, तो मास्तर आठवीच्या वर्गात अपूर्णांक जिवंत करील.

यावर कुणी म्हणेल, आता सगळं मोबाईलवर आलं, टेबलावरचा डबा कशाला? डबा शाळेत आहे म्हणून. शिवाय इथे मुलाला सगळं उघडून दाखवता येतं : हे बटण, त्याच्यामागची ही ओळ, आणि नोंदी पडल्या त्या ह्या फाईलमध्ये. खर्चही नाही. एक पिढी १९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ वर शिकली, ते विकत घ्यावं लागे. आज पायथॉन फुकट आहे, खिडक्या-बटणं बनवायचं टीकिंटर त्याच्याबरोबर येतं, नोंदी ठेवायला एस्क्यूलाइट आहे. मराठी मात्र युनिकोडमध्येच लिहायची. जुन्या फॉन्टमधली नावं दुसऱ्या संगणकावर गेली की त्यांचा काला होतो, हे ग्रामपंचायतीच्या कारकुनाला सांगायला नको.

सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीने एवढं करावं. आठवड्यातून दोन संध्याकाळ शाळेच्या संगणक खोलीची किल्ली अशा मुला-मुलींना द्यावी, आणि त्यांच्याबरोबर एक शिक्षक बसावा. दूध संस्थेच्या सचिवांनी मागच्या एखाद्या दहा दिवसांच्या नोंदींची नक्कल द्यावी, नावं झाकून, फक्त क्रमांक ठेवून. संस्थेचा खरा हिशोब आहे तिथेच राहू द्या. पोरीने तीच आकडेमोड आपल्या प्रोग्रॅममध्ये घालून बिल काढावं, आणि ते संस्थेच्या बिलाशी पैशापैशाने जुळतं का, हे सचिवांसमोर बसून तपासावं. नाही जुळलं तर फरक कुठे पडला ते तिनेच शोधायचं. कोण जाणे, कधी चूक संस्थेच्याच वहीत निघायची.