आधी सनद, मग एलएलएम

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या घरी सध्या एक हिशेब हमखास मांडला जातो. एक वर्षाचे एलएलएम करायला लंडन किंवा न्यूयॉर्क गाठायचे, तिथेच एखाद्या फर्ममध्ये लागायचे आणि चार-पाच वर्षांत कर्ज फेडून मोकळे व्हायचे. या हिशेबाची पहिली पायरीच चुकते, असे माझे स्पष्ट मत आहे. एलएलएम ही पदवी आहे, वकिलीचा परवाना नव्हे. परवाना देणारी संस्था वेगळी, तिची परीक्षा वेगळी आणि तुम्हाला देशात राहू द्यायचे की नाही हे ठरवणारे खाते तिसरेच. विद्यापीठाचे प्रवेशपत्र यातल्या कशाचीच हमी देत नाही. म्हणून ज्यांना परदेशात वकिली करायची आहे, त्यांनी आधी इथली सनद घ्यावी, दोन-तीन वर्षे इथे नेटाने काम करावे आणि मग बाहेरचा रस्ता धरावा.

अमेरिकेपुरते पाहू. तिथल्या नामांकित विद्यापीठांत एलएलएमचे नुसते शिक्षणशुल्क ७०-८० हजार डॉलरच्या घरात आहे. राहणे, खाणे, विमा धरला तर आकडा कोटीच्या आसपास जातो. न्यूयॉर्कची बार परीक्षा परदेशी पदवीधरांना खुली असल्याने बहुतेकांचा ओढा तिकडे असतो. आता त्या वर्षाचे कॅलेंडर नीट बघा. मे महिन्यात पदवी मिळते. जुलैच्या अखेरीस दोन दिवसांची परीक्षा असते आणि त्याआधीचे दोन महिने अभ्यासाशिवाय दुसरे काही सुचत नाही. निकाल ऑक्टोबरच्या सुमारास लागतो. त्यानंतर ५० तासांच्या विनामोबदला कायदेसेवेची प्रमाणपत्रे, चारित्र्याची छाननी आणि मग शपथविधी. शिक्षणानंतर काम करण्याची जी मुभा मिळते, म्हणजे ओपीटी, ती फक्त बारा महिन्यांची आणि तिचे घड्याळ अभ्यासक्रम संपल्यावर ६० दिवसांच्या आत सुरू झालेले असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी आणखी दोन वर्षे कायद्याला नाहीत. शिवाय या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहण्याची सोय नाही. वकील म्हणून शपथ घेईतो निम्मी मुदत सरलेली असते आणि बहुतेकांच्या वाट्याला एच-१बी या नोकरी-व्हिसाची मार्चमधली एकच सोडत येते. मोठ्या फर्म आपली भरती प्रामुख्याने तिथल्या तीन वर्षांच्या जेडी अभ्यासक्रमातून, तीही पदवीच्या बऱ्याच आधी उरकतात. बार परीक्षेत परदेशी पदवीधरांच्या यशाचे प्रमाण जेडीवाल्यांहून बरेच कमी असते, हेही कुणी आधी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये चित्र वेगळे आहे, आणि माझ्या म्हणण्याला खरा आधार तिथेच मिळतो. तिथे २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी मिळून सोळा कसोट्या. दोन्हींचे शुल्क पाच हजार पौंडांच्या आसपास. त्याखेरीज नवख्या उमेदवाराला दोन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. मात्र ज्याच्याकडे आपल्या देशात वकिली करण्याचा पूर्ण परवाना आहे, त्याला ही दोन वर्षांची अट नाही, आणि पुरेसा अनुभव असेल तर दुसऱ्या टप्प्यातून सूटही मागता येते. पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावर बसून देता येतो. त्यासाठी ना एलएलएम लागते ना व्हिसा. आता इकडचा खर्च पाहा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बजावले की राज्य बार कौन्सिलांना नोंदणीसाठी ७५० रुपयांहून अधिक, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून अधिक शुल्क घेता येणार नाही. मुद्रांक आणि एआयबीई या अखिल भारतीय बार परीक्षेचे पैसे वेगळे धरले तरी, जी सनद तिकडची दोन वर्षे वाचवते ती इथे काही हजारांत हाती येते. ती न घेताच विमानात बसणे मला समजत नाही. विशेषतः आता, जेव्हा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर काम करू देणारा तिथला ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार आहे आणि त्यानंतरच्या नोकरी-व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर गेली आहे. पॅरालीगलच्या पगारात ती गाठणे कठीण.

शिष्यवृत्त्यांचेही तेच. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांच्या कामाचा अनुभव मागते आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट घालते. पदवीनंतर थेट लंडनला जाण्याचा एक सरळ रस्ता आहे, तो म्हणजे तिथल्या काही बड्या फर्म आपल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून प्रशिक्षणार्थी निवडतात. तिथे व्हिसाची जबाबदारी फर्म उचलते. जागा मोजक्याच, पण त्याही पदवी हातात पडण्याआधी मिळतात, एलएलएमच्या बळावर नाही.

परदेशी कायदेशिक्षणाचे आपल्याकडचे वलय जुने आहे. डॉ. आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईत वकिली करू लागले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी त्याआधीच ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकून आल्या होत्या. पण त्या काळी लंडनचा परवाना मुंबईच्या उच्च न्यायालयाचे दार उघडत असे. आज तो धागा तुटला आहे. उलट, मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. एलएलएम आणि थोडी धडपड करून दोन वर्षांनी परतलेल्या, सनद न घेतलेल्या मुलीला तो काळ इथे कशातच धरता येत नाही.

यावर सगळ्यात रास्त आक्षेप पैशांचा आहे. ज्युनिअर म्हणून इथे काय मिळते? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये किमान विद्यावेतन द्यावे, अशी सूचना काढली. ती सूचनाच आहे, बंधन नाही, आणि तालुक्याच्या कोर्टात कित्येक ज्युनिअरांना त्याच्या निम्मेही मिळत नाही. ज्याच्या घरात कुणी वकील नाही, गावाकडून पुण्याला आलेला आहे, त्याने तीन वर्षे कशी काढायची? हा प्रश्न मला टाळता येत नाही, आणि वरिष्ठांनी ज्युनिअरांना फुकट राबवणे ही आपल्या व्यवसायाची लाज आहे, हे म्हटलेच पाहिजे. पण त्याच मुलाच्या डोक्यावर जमीन किंवा घर तारण ठेवून कोटीचे कर्ज चढवणे हा त्यावरचा उपाय कसा होईल? अनुभव म्हणजे फक्त कोर्ट नव्हे. मुंबई-पुण्यातल्या फर्म, बँका आणि कंपन्यांचे विधी विभाग, करारांचे मसुदे करणारी कार्यालये इथे पगार मिळतो, आणि परदेशी फर्मला करार तपासता येणारा माणूसच हवा असतो. तारुण्य निघून जाईल, हा दुसरा आक्षेप. पंचविशी-सव्विशीत एसक्यूईचा पहिला टप्पा पार करून गेलेला वकील म्हातारा नसतो. चोविशीत परवान्याविना गेलेल्यापेक्षा तो तिथे लवकर उभा राहतो.

मानवी हक्क, आंतरराष्ट्रीय लवाद किंवा संशोधन-अध्यापन हेच ज्यांचे ध्येय आहे आणि ज्यांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळते आहे, त्यांनी माझे ऐकू नये; त्यांच्यासाठी ती पदवी खरोखर कामाची आहे. बाकीच्यांना निदान पूर्ण माहिती तरी मिळावी. आज विधी महाविद्यालयांत परदेशी शिक्षणाची माहिती द्यायला बहुधा प्रवेशामागे विद्यापीठाकडून दलाली मिळणारे सल्लागारच येतात. त्यांच्याऐवजी तिथे परवाना मिळवलेल्या आणि न मिळता परतलेल्या माजी विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षाच्या वर्गासमोर बोलवावे. त्यांनी व्हिसाचे महिने, परीक्षांचे शुल्क आणि सनदेमुळे मिळणारी सूट फळ्यावर लिहून दाखवावी, आणि त्या दिवशी पालकांनाही बसू द्यावे, कारण कर्जाच्या कागदांवर सही त्यांचीही असते.