कळा आणाव्यात की वाट पाहावी?

मुरूड-श्रीवर्धनकडे ऐन पावसाळ्यात सुनेचे दिवस भरत आले, की घरात एकच घोर लागतो: अपरात्री कळा सुरू झाल्या तर अलिबाग गाठायचे कसे? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात झाडे पडून रस्ते बंद झालेले या किनाऱ्याने पाहिले आहेत. मग डॉक्टरांना गळ घातली जाते, 'आधीच कळा आणा, एकदाची मोकळी होऊ दे.'

ही भीती मला खोटी वाटत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात सहा हजारांवर पहिलटकरणी होत्या. ३९ आठवडे भरल्यावर कळा आणलेल्यांत सिझेरियन शंभरात सुमारे १९, तर वाट पाहिलेल्यांत २२. तरीही गुंतागुंत नसेल तर ४१ आठवड्यांआधी कळा आणू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब वाढला, पाणी आधीच गेले, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांचेच ऐकावे.

कळा आणणे म्हणजे एक इंजेक्शन नव्हे. गर्भाशयाचे तोंड मऊ व्हायलाच कधी दिवस जातो, बाळाचे ठोके सतत पाहावे लागतात. सुरुवातीची सोनोग्राफी नसेल, तर मुळात आठवड्यांचा हिशेबच चुकू शकतो.

माझ्या मते खरा प्रश्न तारखेचा नाही, अंतराचा आहे. गडचिरोलीत गरोदर बाईला प्रसूतीआधीच आरोग्य केंद्राजवळच्या 'माहेरघरा'त ठेवतात. आपल्याकडेही शेवटचे दोन आठवडे तिला रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे ठेवता येईल. बाळाला घाई करण्याआधी आपण थोडी घाई करावी.