सुरवंटांवर पलिता नको

पावसाळ्यांत शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंटांचा दाट पुंजका दिसला कीं, पुष्कळांस प्रथम पेटता पलिता आठवतो. आमच्या मतें हा अविचार होय.

सुरवंटाचा केस लागला म्हणजे अंगास खाज सुटते, गांधी उठतात, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तो केस त्या दुर्बळ जीवाची ढाल आहे. तो आपण होऊन कोणावर चाल करीत नाहीं. हे सुरवंट दिवसा बुंध्यास एकत्र बिलगून राहतात आणि रात्रीं वर चढून पाला खातात. पलित्यानें ते मरतात खरे, पण झाडाची मऊ सालही होरपळते.

बागेंत जें भय वाटतें, तें अरण्यांत कां नसावें? गोंदिया जिल्ह्यांतील नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें. तेथें सुरवंटांमागें पलिता घेऊन कोणी धांवत नाहीं. तरी तें वन हिरवेंगार आहे. याचें एक कारण पावशा व चातक हे पक्षी. ज्या केसाळ सुरवंटांस इतर पुष्कळ पक्षी टाळितात, तेच यांचें आवडतें भक्ष्य. कवींनीं चातकास केवळ मेघोदकावर जगविलें. त्याचा खरा निर्वाह या तिरस्कृत जीवांवर चालतो! सुरवंट जाळणारा चातकाचें ताटही जाळितो.

म्हणून रोप लहान असेल, तरच लांब काठीनें सुरवंट साबणाच्या पाण्यांत पाडावे. मोठ्या झाडावरचे मात्र पांखरांसाठीं राहूं द्यावे. नागझिऱ्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं आपल्या परसांतही थोडें अभय द्यावें.