वीज जात बघत नाही म्हणे!

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी परभणी जिल्ह्यातल्या एका वस्तीवर जलदान विधीला गेलो होतो. गेलेली बाई पन्नाशीच्या आतली. दुसऱ्याच्या रानात धसकटं वेचायला गेलेल्या सात बायकांपैकी एक. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आले, वावटळ उठली, मोठमोठे थेंब सुरू झाले आणि साती जणी बांधावरच्या लिंबाखाली गेल्या. ही जागीच गेली, दोघी भाजल्या.

वंदना झाली, श्रद्धांजलीची भाषणे सुरू झाली. गावातले एक पुढारी उठून म्हणाले, "वीज काही जात बघत नाही. ज्याची वेळ भरली त्याला ती नेते." लोकांनी माना डोलावल्या. तिचा थोरला मुलगा माझ्या शेजारी बसला होता, त्याची मान हलली नाही. नंतर चहा घेताना तो एवढेच म्हणाला, "दादा, रान ज्याचं होतं तो त्या टायमाला घरी होता."

पुढाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. विजेला जात कळत नाही. एप्रिल-मेमध्ये मराठवाडा-विदर्भातली जमीन तापते, तापलेली हवा वर उठते, तिला समुद्राकडून आलेले बाष्प मिळाले की दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. ढगातले बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासून विद्युतभार साठतो आणि तो जमिनीकडे वाट शोधतो. मोकळ्या माळावर जे उंच असेल त्यावर वीज पडण्याची शक्यता जास्त. झाड, खांब, नाहीतर उभा माणूस. इथवर सगळे भौतिकशास्त्र आहे. पण त्या वेळी माळावर कोण उभे असेल, हे भौतिकशास्त्र ठरवत नाही. ते सातबारा ठरवतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के आहेत आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार कसल्या जाणाऱ्या जमिनीतला त्यांचा वाटा ९ टक्क्यांच्याही आत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. त्यानंतर आपल्या माणसांच्या ताब्यात जे गायरान आले, ते बहुतेक ठिकाणी गावाबाहेरचे उघडे माळरान. तिथे ना विहीर, ना आखाडा, ना पक्के छत. पाऊस आला तर जायचे कुठे? एकुलत्या एका झाडाखाली. आणि जीव घेणारी जागा नेमकी तीच.

आता मजुरीचे बघा. त्या सात बायकांनी ते रान गुत्त्याने घेतले होते. रोजाने गेलेल्या बाईला निदान "आभाळ आलंय, आम्ही निघतो" म्हणता येते, अर्धा रोज बुडतो एवढेच. गुत्त्यात तेही नाही. काम उरले तर उद्याचा दिवस फुकट जातो. म्हणून गडगडाट ऐकू आल्यावरही बायका आणखी एक तास वेचत राहिल्या. त्यांना धोका कळत नव्हता असे कृपा करून कुणी म्हणू नये. कळत होता. तो परवडत नव्हता.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप केले आहे. आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल तर ते मोबाईलवर इशारा देते. चांगले ॲप आहे, प्रत्येकाने घ्यावे. पण त्या दिवशी सात बायकांत मिळून एक मोबाईल होता, तोही बटनांचा. इशारा आलाच असेल तर तो गावात कुणाच्या तरी खिशात वाजला असेल.

माझा एक मित्र यावर म्हणतो, शेतकरीही विजेने मरतात, स्वतःच्या रानात मरतात, त्यात जात कशाला आणता? त्याचे पहिले अर्धे वाक्य मला मान्य आहे. दोन एकरवाला मराठा किंवा धनगर शेतकरीही औत सोडताना मरतो, मेंढरांमागचा पोरगाही मरतो. मी पुढे ज्या मागण्या मांडणार आहे त्यांचा फायदा त्यांनाही आहे. पण जात मी आणत नाही, सरकारने ती लपवली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात नैसर्गिक कारणांनी ८,०६० माणसे अपघाती मेली आणि त्यातली २,८८७ विजेने. एका तृतीयांशाहून जास्त. कोणत्या राज्यातली, बाई की पुरुष, वय काय, हे त्यात मिळते. ती कुणाच्या रानात आणि कोणते काम करत होती, हे मिळत नाही. त्याच अहवालात आत्महत्येच्या प्रकरणांत व्यवसाय नोंदवला जातो, शेतकरी वेगळा आणि शेतमजूर वेगळा. मग वीज पडून मेलेल्याचा व्यवसाय आणि सामाजिक प्रवर्ग लिहायला काय अडचण आहे? आकडा नसला की "वीज जात बघत नाही" हे वाक्य कुणीही कुठल्याही मयतीला म्हणू शकतो.

मदतीचेही तसेच. महाराष्ट्रात वीज पडून मृत्यू झाला तर वारसाला ४ लाख रुपये मिळतात, भूमिहीनालाही मिळतात. हे आपल्या वस्त्यांत अजून सगळ्यांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. पण त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन लागते. या बाईचा अंत्यविधी त्याच संध्याकाळी उरकला गेला. "कशाला चिरफाड करता" असे चार शहाण्यांनी सांगितले आणि घरच्यांनी ऐकले. फाइल अजून अडकलेली आहे. दुसरी आहे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. तिच्यात वीज पडून झालेला मृत्यू धरला आहे आणि अनुदान २ लाख आहे. पण तिचे दार सातबाऱ्यातून उघडते. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण. ज्या रानात ती मेली त्या रानाचा मालक या योजनेत बसतो, ती बसत नाही. दोन्ही योजनांच्या रकमांची बेरीज-वजाबाकी मी करत नाही. योजना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेतात मरणारा माणूस म्हणून कोण होता, एवढेच विचारतो.

आपल्यातलीही काही पोरे विचारतात, हा आंबेडकरी चळवळीचा विषय आहे का? अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्ती रखडली आहे, आणि तुम्ही विजेचे काय घेऊन बसलात? मित्रांनो, १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते. स्वस्त आणि मुबलक वीज हा औद्योगिकीकरणाचा पाया आहे, अशी मांडणी त्यांनी १९४३ सालीच केली. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने. काम करताना माणसाच्या शरीराचे काय होते हा प्रश्न त्यांना किरकोळ वाटला नाही. शेतमजुराला मात्र आजही ना कामाचे तास, ना काम थांबवण्याचा हक्क. म्हणून माझी पहिली मागणी मजुरीची आहे: इशारा आला किंवा गडगडाट ऐकू आला की काम बंद, आणि त्या दिवसाचा रोज पूर्ण. सरकारी कामावर तसा आदेश निघावा आणि खासगी रानात गावपातळीवर ठराव व्हावा. दुसरी मागणी, अपघात योजनेत भूमिहीन शेतमजूर बाईचे नाव स्वतःच्या हक्काने यावे.

मागण्या मान्य होईपर्यंत वळीव थांबणार नाही, तेव्हा जीव वाचवायचे बोलू. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर रान सोडा. खरे तर आवाज ऐकू आला म्हणजेच आपण टप्प्यात आहोत. पक्क्या भिंतींचे घर किंवा काचा बंद केलेली टपाची चारचाकी सुरक्षित. चार खांबांवरचे पत्र्याचे शेड आणि रानातली खोप नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली तर नाहीच. पडलेली वीज झाडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते, जमिनीतूनही पसरते. जमिनीतल्या त्या प्रवाहामुळेच पुढचे-मागचे पाय लांब असलेली गुरे एका वेळी चार-चार मरतात. काहीच आसरा नसेल तर खोलगट जागी एकमेकींपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. याने धोका कमी होतो, जात नाही.

"पायाळू माणसावर वीज पडते" हे आपल्या वस्त्यांतही अजून बोलले जाते, धम्म घेऊन इतकी वर्षे झाली तरी. एका पायाळू पोरीला पावसात इतर बायका जवळ उभे राहू देत नव्हत्या, हे मी पाहिले आहे. मूल आईच्या पोटातून डोके आधी बाहेर आले की पाय, याचा ढगाशी काडीचा संबंध नाही. दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो, असे लोकांना वाटते. अंगात वीज राहत नाही. श्वास आणि नाडी थांबली असेल तर लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोरात दाबत राहायचे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. हृदय बंद पडलेला माणूस अशाने वाचू शकतो. त्या लिंबाखाली हे कुणालाच माहीत नव्हते.

आपले कार्यक्रमही तपासू. बुद्धपौर्णिमा ऐन वळवाच्या दिवसांत येते. संध्याकाळी उघड्या मैदानात लोखंडी मंडप, उंच ध्वजस्तंभ, ट्रकवर साउंड आणि पाचशे माणसे. गडगडले तरी "भाषण संपू द्या" म्हणून माईक सोडत नाहीत ते आपलेच वक्ते. मीही त्यातला एक होतो. आता आयोजकांना सांगतो, गडगडाट झाला की माईक बंद, गर्दी पक्क्या इमारतीत.

त्या वस्तीतले विहार पक्के आहे, स्लॅबचे. सकाळ-संध्याकाळ वंदनेसाठी भोंगा लागतो. या उन्हाळ्यात दोन पोरांच्या मोबाईलवर 'दामिनी' टाकले आहे. इशारा आला की ती भोंग्यावरून पुकारतात, जवळच्या रानापर्यंत आवाज जातो. विहाराला वीजरोधक बसवायला ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे. गुत्त्याबद्दल बायकांची बैठक दोनदा झाली. मोठ्या शेतकऱ्यांपैकी दोघे आभाळ आल्यावर काम थांबवायला तयार झाले, रोज द्यायला एकच. तिसरी बैठक मृगाच्या आधी घ्यायची आहे आणि तिथे तिचा मुलगा बोलणार आहे.