पहिला कॅमेरा आणि जुन्याची लाज

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी जो निधी उभारला, त्यातील काही रक्कम विज्ञान छंद मंडळाला द्यावी आणि तिच्यातून रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे घेण्यासाठी एक कॅमेरा खरेदी करावा, अशी सूचना गेल्या बैठकीत मांडली गेली. सूचनेला कोणाचाच विरोध नव्हता. मतभेद झाला तो पुढच्या प्रश्नावर. पहिला कॅमेरा वापरलेला, म्हणजे सेकंडहॅंड घ्यावा, असे मी सुचविले. त्यावर मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ पालक उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्या आजोबांनी दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घातले. आम्ही दुसऱ्यांची जुनी पुस्तके वाचून शिकलो. आता आमच्या नातवंडांनी आकाशसुद्धा उतरलेल्या कॅमेऱ्यातूनच पाहायचे काय?"

सभागृह स्तब्ध झाले. मलाही त्या क्षणी उत्तर सुचले नाही. त्यांचा प्रश्न पैशांचा नव्हता, स्वाभिमानाचा होता. अशा प्रश्नाला किमतीची आकडेवारी सांगून गप्प करणे हा अपराध ठरला असता. म्हणून हे उत्तर उशिरा आणि सविस्तर देत आहे.

प्रथम कॅमेरा कशासाठी, हे समजून घेऊ. मनुष्याचा डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. क्षणाच्या अंशात जे आले ते पाहून तो मोकळा होतो. म्हणून मृग नक्षत्राच्या तलवारीतील तेजोमेघ आपल्याला धुरकट ठिपक्यासारखा दिसतो आणि देवयानी दीर्घिका अंधाऱ्या रात्रीही एखाद्या पुसट डागापलीकडे जात नाही. वास्तविक ही दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली आहे. म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र एका ओळीत मांडावेत एवढी! तिचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे पंचवीस लाख वर्षे लागतात. कॅमेरा हा प्रकाश थेंबाथेंबाने साठवतो. हौदात रात्रभर झिरपणारे पाणी सकाळी मोजता यावे, तसे हे काम आहे.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, म्हणून या साठवणुकीचा इतिहास मला अधिक जवळचा वाटतो. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. अकरा इंची दुर्बिणीवर त्यांनी काचेची पट्टी ५१ मिनिटे उघडी ठेवली होती. पुढे हार्वर्डच्या वेधशाळेत अशा काचपट्ट्यांचा मोठा संग्रह उभा राहिला आणि त्या वाचण्याचे काम स्त्रियांकडे आले. त्यांतील विल्यमिना फ्लेमिंग या मुळात वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण होत्या. १८८८ साली घेतलेल्या एका पट्टीवर, आज जगभर अश्वशीर्ष म्हणून ओळखला जाणारा कृष्णमेघ त्यांनी प्रथम हेरला. पुढे प्रसिद्ध झालेल्या सूचीत श्रेय मात्र पिकरिंग यांच्या नावावर गेले. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. तरीही त्या काचपट्टीचे महत्त्व कमी होत नाही. दुर्बिणीला डोळा लावण्याचा अधिकार ज्यांना नव्हता, त्यांच्याही हातात पुरावा आला, तो छायाचित्रामुळे. माउंट विल्सन वेधशाळेचे मिल्टन ह्यूमसन यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली होती. डोंगरावर खेचरांवरून सामान वाहणे, मग वेधशाळेत झाडलोट, असे करीत ते रात्रपाळीला छायाचित्रे घेऊ लागले आणि विश्व प्रसरण पावते आहे हे दाखविणाऱ्या मोजमापांत हबल यांचे सहकारी झाले.

आता निवडीकडे वळू. आपल्यासमोर तीन पर्याय आले. पहिला, हल्ली मिळणारी स्मार्ट दुर्बीण. मोबाईलवर नाव निवडले की ती स्वतः वळते, स्वतः छायाचित्रे घेते, एकावर एक रचते आणि दहा-पंधरा मिनिटांत तयार चित्र पडद्यावर देते. दुसरा, केवळ खगोलछायाचित्रणासाठी बनविलेला शीतित कॅमेरा. त्याचा प्रकाशग्राही भाग विजेवर थंड ठेवला जातो, त्यामुळे चित्रातील दाणेदारपणा कमी होतो. तिसरा, दहा-बारा वर्षे जुना डीएसएलआर आणि त्याला पन्नास मिलिमीटरचे साधे भिंग.

शीतित कॅमेरा उत्तम असतो, यात शंका नाही. परंतु तो एकटा काहीच करू शकत नाही. त्याला संगणक हवा, बारा व्होल्टचा अखंड वीजपुरवठा हवा, दुर्बीण आणि ताऱ्यांबरोबर फिरणारी भक्कम बैठक हवी. आपल्याकडील भारनियमन विचारात घेता मैदानावर एवढा संसार मांडणे नवशिक्यांना झेपणार नाही. शिवाय त्याच्या किमतीत तीन-चार वापरलेले डीएसएलआर सहज येतात. थंडाव्याचेच म्हणाल, तर तापमान साधारण सहा अंशांनी उतरले की कॅमेऱ्यातील उष्णताजन्य गोंगाट निम्म्यावर येतो. विदर्भातील डिसेंबर-जानेवारीची कोरडी, कडाक्याची रात्र हा थंडावा आपल्याला फुकट देते.

स्मार्ट दुर्बिणीविषयी माझा आक्षेप वेगळा आहे. ती वाईट नाही. वयोवृद्ध पाहुणे आले, पालकसभा असली, शंभर मुलांना एका संध्याकाळी काही दाखवायचे असले, तर तिच्यासारखी सोय नाही. पण ती उत्तर देते आणि रीत लपवते. गणिताच्या वहीत थेट उत्तर लिहून देणाऱ्या मुलाला आपण गुण देत नाही. पायऱ्या दाखव, असे म्हणतो. विज्ञानाचे शिक्षण पायऱ्यांतच असते.

डीएसएलआरमध्ये प्रत्येक पायरी मुलांच्या हाती राहते. भिंगाची छिद्रमर्यादा किती ठेवायची, शटर किती वेळ उघडे ठेवायचे, केंद्रीकरण ताऱ्यावर कसे साधायचे, हे सारे त्यांनाच ठरवावे लागते. पृथ्वी फिरते हे पुस्तकातील वाक्य आहे. परंतु स्थिर तिपाईवरून पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने सहा-सात सेकंदांहून अधिक काळ छायाचित्र घेतले की तारे ठिपके न राहता रेघा होतात, तेव्हा ते वाक्य अनुभव होते. मग अल्पकाळाची पुष्कळ छायाचित्रे घेऊन ती एकत्र करण्याची युक्ती कळते. शंभर चित्रे एकत्र केली की एका चित्राच्या तुलनेत स्पष्टता दहापट होते, कारण ती संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. नववीच्या मुलाला वर्गमूळाचा याहून सुंदर उपयोग कोणता दाखवणार? हे काम करणाऱ्या डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल या प्रणाली विनामूल्य आहेत आणि शाळेच्या संगणककक्षात चालू शकतात.

आता त्या ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे येते. उतरलेल्या कपड्यात अपमान कशाचा होता? कापड जुने होते याचा नव्हे. ते निवडण्याचा अधिकार आपल्याला नव्हता, ते वरून टाकले जात होते आणि त्याच्या बदल्यात मान झुकवावी लागत होती, याचा तो अपमान होता. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ जमवीत. त्यांची संख्या सुमारे दोन हजार होती, असे चरित्रकार सांगतात. ती पुस्तके दुसऱ्यांनी वापरलेलीच होती. तरीही त्यांना कोणी उतरलेली पुस्तके म्हणणार नाही. ती त्यांनी पारखून, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या प्रयोजनासाठी घेतली होती. दान म्हणून आलेली नवी कोरी वस्तू आपल्याला लाचार करू शकते आणि ज्ञानाने निवडलेली जुनी वस्तू ताठ उभे करू शकते. आपला निधी आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या घामाचा आहे. त्यातून काय घ्यायचे हे आपण ठरवीत आहोत. यात खाली पाहण्यासारखे काही नाही.

मात्र पारख खरी हवी. फसवणूक करून घेणे म्हणजे साधेपणा नव्हे. कॅनन ६००डी किंवा निकॉन डी५३०० यांसारखे कॅमेरे या कामी अनेक वर्षे वापरले गेले आहेत. घेताना विद्यार्थ्यांनाच सोबत न्यावे आणि पुढील परीक्षा त्यांनीच कराव्यात. शटर आजवर किती वेळा उघडले, हा आकडा पाहावा. या वर्गातील कॅमेऱ्यांचे शटर साधारण एक लाख वेळांच्या हिशेबाने बनविलेले असते. भिंगावर टोपण लावून तीन-चार मिनिटांचे चित्र घ्यावे. काळ्या चित्रात रंगीत ठिपके फार दिसले, तर तो कॅमेरा परत करावा. छिद्र लहान करून पांढऱ्या कागदाचे चित्र घेतले की आतील धूळ दिसते. भिंग उजेडासमोर धरून बुरशीचे जाळे आहे का, तेही तपासावे. रॉ स्वरूपात चित्र साठवता येते ना आणि शटर हवा तेवढा वेळ उघडे ठेवता येते ना, हे पाहणे अत्यावश्यक आहे. आतील गाळणी काढून तेजोमेघांच्या लाल प्रकाशासाठी बदललेला कॅमेरा मात्र पहिल्या खेपेला घेऊ नये. मृगाचा तेजोमेघ, कृत्तिका, देवयानी यांना न बदललेला कॅमेरा पुरेसा आहे आणि दिवसा तोच स्नेहसंमेलनातही उपयोगी पडतो.

ताऱ्यांचा पाठलाग करणारी बैठकही मुलांना घरी बनविता येते. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या. बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटर अंतरावर सहा मिलिमीटर जाडीचा, एक मिलिमीटर अंतराचे आटे असलेला बोल्ट बसवायचा. बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. आपल्या भागातून तो क्षितिजापासून सुमारे एकवीस अंश उंचीवर आहे. बोल्ट मिनिटाला एक फेरा या गतीने हाताने फिरविला की वरची फळी, आणि तिच्यावरचा कॅमेरा, आकाशाच्या गतीने सरकतो. मग मिनिटभराची चित्रे घेता येतात. अशी ५१ चित्रे एकत्र केली, तर ड्रेपर यांच्या पट्टीइतका वेळ होतो. गावचा सुतार आणि आपली मुले मिळून हे सहज करतील.

उरलेल्या पैशांतून दुसरा वापरलेला कॅमेरा घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण एकच महागडी वस्तू असली की ती कपाटात जाते. पूर्वी मी ज्या शाळेत होते, तेथे देणगीत आलेली एक दुर्बीण मोडेल या भीतीने इतकी जपली गेली की शेवटी तिच्या भिंगावर बुरशी चढली. मुलांनी मात्र तिच्यातून एकदाही चंद्र पाहिला नाही. वस्तू मोडण्याचा अधिकार हाही शिकण्याचाच भाग आहे. दोन स्वस्त कॅमेरे असले तर हा अधिकार देण्याचे धैर्य आपल्याला होईल.

आणि त्यांतील एक कॅमेरा मुलींच्या वसतिगृहाच्या ताब्यात असावा. मुलींच्या वसतिगृहाचे दार रात्री आठला बंद होते. आकाश त्यानंतर उघडते. हा नियम सुरक्षिततेसाठी आहे, हे मी जाणते. तो मोडा, असे मी म्हणत नाही. परंतु वसतिगृहाची गच्ची आहे, अधीक्षिका आहेत, माझ्यासारख्या शिक्षिका रात्री थांबायला तयार आहेत. महिन्यातील अमावास्येच्या आसपासच्या दोन रात्री गच्ची मुलींसाठी उघडली नाही, तर आपण घेतलेला कॅमेरा केवळ मुलांचा ठरेल. फ्लेमिंग यांना निदान काचपट्टी तरी हाती मिळाली होती. आपण आपल्या मुलींना तेवढेही देणार नाही का?

आपल्याच नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. शहरातील श्रीमंत शाळांना पैसे मोजूनही मिळत नाही असा अंधार आपल्या परिसरात अजून शिल्लक आहे. ज्या अंधाराला आपण मागासलेपण समजून लाजलो, तो या बाबतीत आपले भांडवल आहे. कार्ल सेगन यांच्यासारखे विज्ञानलेखक व्हावे, ही रोहित वेमुला यांची इच्छा त्यांच्या अखेरच्या पत्रातून जगाला कळली. आकाशाची ओढ आपल्या मुलांत कमी नाही. कमी पडते ती हाती आलेली साधने आणि मोकळी गच्ची.

धम्माचे एक लक्षण 'एहिपस्सिको' असे सांगितले आहे. ये आणि स्वतः पाहा. ग्रहणाच्या दिवशी अजूनही काही घरांत गरोदर बाईला कोंडून ठेवतात. त्या घरातील मुलीने स्वतः टिपलेले ग्रहणाचे चित्र भिंतीवर लावले, तर भाषणापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

त्या ज्येष्ठ पालकांना माझी नम्र विनंती आहे. कॅमेरा घ्यायला जाऊ त्या दिवशी आपणही आमच्याबरोबर यावे. आपली नात तो कॅमेरा उलटसुलट करून तपासेल, दुकानदाराला चार अवघड प्रश्न विचारील आणि मन भरले नाही तर परत ठेवील. ते पाहिल्यावरही तो कॅमेरा आपल्याला उतरलेला वाटला, तर मी माझी सूचना मागे घेईन.

जय भीम! नमो बुद्धाय!