जुनं घर विकू नका, भाड्याने द्या

गणपती होऊन गेल्यावर दोन दिवस मी माझ्याच तालुक्यात टुरिस्ट होतो. पुण्याहून मेव्हणा सहकुटुंब आला होता. आमच्याकडे राहा म्हटलं, तर मुलांना ‘हेरिटेज कॉटेज’चा अनुभव हवा होता. ‘समुद्रापासून पाच मिनिटांवर दोनशे वर्षांचं अस्सल कोकणी घर’ अशी जाहिरात. त्याने आमचंही बुकिंग करून टाकलं, मग गेलो. एका रात्रीचं भाडं ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात आपल्या अर्ध्या घराची शाकारणी झाली असती.

घर सुंदर आहे, हे आधी कबूल करतो. चिऱ्याच्या जाड भिंती, फणसाचे खांब, समोर मोठं खळं, तुळस, मागे माड. रात्री समुद्राची गाज ऐकू येते. पण आम्ही इथलेच, त्यामुळे डोळ्यांना नको ते दिसतं. छपरावर मंगळुरी कौलं. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. म्हणजे छप्पर काही दोनशे वर्षांचं नाही. नंतर कधीतरी बदललं असेल, हरकत नाही, पण तसं सांगा की! मागच्या बाजूला नव्या खोल्या काढल्यात, तिथे तर सरळ स्लॅब आहे आणि वर शोभेला कौलं चिकटवलीत. आत एसी लावल्याशिवाय बसवत नाही. जुन्या चिऱ्यावर सिमेंटचं गुळगुळीत प्लास्टर मारलंय. चिरा पाणी पितो आणि उन्हावाऱ्याने सुकतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला विचारा. वरून सिमेंट थापलं की ओल आतच अडकते. पलंगामागची भिंत हाताला दमट लागत होती, तिला झाकायला मासेमारीचं जाळं टांगलेलं!

नाश्त्याला टोस्ट आणि ऑम्लेट. आंबोळी मिळेल का विचारलं, तर आदल्या दिवशी सांगायला हवं होतं म्हणे. असो. तक्रार टोस्टची नाही.

सामान उचलायला आलेले काका पन्नाशी उलटलेले. माझं बोलणं ऐकून लगेच विचारलं, “तुमी खयचे?” गाव सांगितलं, दोन ओळखी निघाल्या, गप्पा सुरू झाल्या. आमच्या खोलीच्या दारावर इंग्रजीत ‘वाचनकोपरा’ अशा अर्थाची पाटी होती. त्या पाटीकडे बघून ते हसले आणि म्हणाले, “ही आमची बाळंतिणीची खोली. माजो जल्म हयच झालो.”

मी गप्प झालो. घर त्यांचंच होतं. पाच भाऊबहिणी, चार मुंबईत. छप्पर गळायला लागलं, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर दोन वर्षं फोनाफोनी झाली. मग एक गिऱ्हाईक आलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या. वाट्याला आलेले पैसे मुलीच्या लग्नात आणि दवाखान्यात संपले. आता ते त्याच घरात पगारावर आहेत. ‘यंदा गणपती कुठे बसवलात?’ असं मी उगाच विचारून गेलो. म्हणाले, “मांगरात. तेवढोच रवलो आमका.” चतुर्थीला कॉटेज फुल्ल होतं. ज्या वळईत पिढ्यान् पिढ्या गणपती बसला, तिथे कोणाचा तरी वाढदिवस चालला होता आणि घरचा गणपती मागे मांगरात.

आता कमेंटमध्ये ‘बाहेरच्यांनी कोकण लुटलं’ असं लिहायला येऊ नका. लुटलं नाही कोणी. आपण विकलं. रीतसर, सह्या करून, पेढे वाटून विकलं. घेणाऱ्याने पडणारं घर उभं केलं, धंदा केला. त्याच्या प्लास्टरबद्दल मी बोलीन, पण त्याला चोर म्हणणार नाही. माझं भांडण तुमच्याशी आहे, आणि माझ्या स्वतःच्या भाऊबंदांशी.

जुनं घर वयाने मरत नाही. बंद राहून मरतं. चूल पेटती असली की धूर वाशांना लागतो, कीड लांब राहते, लाकूड कोरडं राहतं. जमीन सारवली जाते, कोपरे झाडले जातात, सरकलेलं एक कौल त्याच दिवशी दिसतं आणि नीट बसवलं जातं. तेच घर चतुर्थीला पाच दिवस आणि मे महिन्यात आठ दिवस उघडलं, तर त्या सरकलेल्या कौलातून अख्खा पावसाळा पाणी वाशावर पडतं. वासा कुजतो, वाळवी चढते, मग एका पावसात पडवी बसते. मग आपण म्हणतो, ‘घर जुनं झालं, काय करणार!’ नाही हो. घराला माणूस नव्हतं.

आणि नेमकं माणूस आणण्याचं साधन आज आपल्या दारात उभं आहे. लोकांना जुन्या घरात राहायचंय, त्यासाठी ते पैसे मोजतायत. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ साली. चिपीला विमानतळ झाला २०२१ मध्ये. गिऱ्हाईक आलं, रस्ते आले, आणि ऐन वेळी आपण कोंबडीच विकून टाकली. अंडी आता दुसऱ्याची, आपण खुराडं झाडतोय.

‘पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच म्हणतो, विकण्याऐवजी भाडेकरार करा. दहा वर्षांचा, रजिस्टर केलेला. दुरुस्ती घेणाऱ्याने करायची, त्या बदल्यात भाडं कमी घ्या. कौलं, चिरा, लाकूड बदलायचं नाही, चुन्याच्या जागी सिमेंट नाही, हे लिहून घ्या. गावातलं माणूस कामाला ठेवायचं, हे लिहून घ्या. आणि एक कलम ठळक अक्षरात टाका: चतुर्थीला घर आमचं. मुदत संपली की सातबारावर आणि घरपट्टीवर नाव तुमचंच, आणि घर आधीपेक्षा धड.

‘भाऊ ऐकत नाहीत.’ तेही खरं. पण विकायच्या वेळी पाचही जणांच्या सह्या आठ दिवसांत होतात, हे कसं? भाड्याचे पाच वाटे करायला काय अडचण आहे? जो गावात राहतो आणि घर बघतो, त्याला आधी मेहनताना द्या, मग उरलेले वाटे करा. हे त्याला द्यायला जीव जातो, खरी गोम तिथे आहे.

आणि ही गोष्ट फक्त आपली नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर सेंट आइव्हज नावाचं गाव आहे. तिथल्या कोळ्यांची दगडी घरं शहरातल्या लोकांची सुट्टीतली घरं झाली आणि गावच्या पोरांना गावात घर परवडेना. २०१६ मध्ये तिथे सार्वमत झालं आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी ठरवलं की नवीन बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळावं. वेल्समध्ये २०२३ पासून दुसऱ्या घरावर तीनशे टक्क्यांपर्यंत जादा घरपट्टी लावायचा अधिकार तिथल्या स्थानिक कौन्सिलांना आहे. त्याच देशात लँडमार्क ट्रस्ट ही संस्था १९६५ पासून पडक्या जुन्या वास्तू नीट करून सुट्टीसाठी भाड्याने देते आणि त्या भाड्यातून वास्तू सांभाळते. म्हणजे पाहुणा हा घराचा शत्रू नाही. घर कोणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न.

आपल्याकडे सरकारची निवास-न्याहारी योजना आहेच. घरमालकाने आपल्या घरात पाहुणा ठेवावा, ही साधी कल्पना. ग्रामसभेत आपण एवढं तरी मागूया: जो मालक स्वतः घरात राहून दोन खोल्या पाहुण्यांना देतो त्याला मदत, आणि जिथे मालक कोणी बघितलाच नाही तिथे धंद्याच्या दराने कर. कौल आणि चिरा राखणाऱ्याला दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. खुर्च्या रिकाम्या ठेवू नका.

निघताना काकांनी गाडीपर्यंत पिशवी आणली. मेव्हण्याने टीप पुढे केली. त्यांनी घेतली, खिशात ठेवली, आणि म्हणाले, “परत येवा.” आपल्या घरी आलेल्या माणसाला म्हणतात तसं.

ज्यांच्या घराला आज कुलूप आहे, त्यांनी आज रात्री भावाला फोन करावा. गिऱ्हाईकाचा फोन यायच्या आधी.